ढग्याची प्राँग कॉलर : चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत

१९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी सव्वासहाच्या सुमारास रस्ता ओलांडून एक मांजर पळाले आणि माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. या दोन घटनांच्या मधोमध ३६ किलो वजनाचा, अडीच वर्षांचा, राखाडी रंगाचा माझा कुत्रा ढग्या होता आणि त्याच्या लीशचे, म्हणजे फिरवायच्या दोरीचे, टोक मी मनगटाला दोन वेढे देऊन धरले होते. लीश कधीही मनगटाला गुंडाळू नये, तिची मूठ तळहातात धरावी, म्हणजे वेळ आली तर सोडता येते, हे मला प्लास्टर घालून घेताना कळले. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून मी घरात बसले आणि त्या काळात कुत्र्याला ओढण्यापासून परावृत्त करण्याची जी जी साधने असतात, त्यांच्याविषयी वाचत राहिले. त्यात प्राँग कॉलरचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. तिचे कौतुक करणारे आणि तिचा तिरस्कार करणारे दोघेही इतक्या खात्रीने लिहीत होते, की वाचून माझा गोंधळ वाढतच गेला.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही एकमेकींत अडकवलेल्या धातूच्या कड्यांची कॉलर असते. प्रत्येक कडीला आतल्या बाजूस वळलेले दोन बोथट दाते असतात आणि मागे एक छोटी साखळी असते. लीश ताणली गेली की ही साखळी आवळते आणि सगळे दाते एकाच वेळी मानेवर दाब देतात. साध्या पट्ट्याचा दाब मुख्यतः गळ्याच्या पुढच्या भागावर येतो, तर इथे तो मानेभोवती अनेक ठिकाणी विभागला जातो, असे तिचे समर्थन केले जाते. ते अर्धवट खरे आहे, परंतु कॉलरचा परिणाम होतो तो कुत्र्याला तो दाब नकोसा वाटतो म्हणून, हे स्पष्टपणे मान्य केलेले बरे. आई पिल्लाची मान तोंडात धरते तसेच हे असते, असे सांगणारेही मला पुष्कळ भेटले. ढग्याचा चेहरा पाहून मला तरी तसे कधी वाटले नाही.

प्लास्टर निघाल्यावर ७ ऑक्टोबरला मी ढग्याला त्याच्या नेहमीच्या पशुवैद्यांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि आपण या साधनाच्या बाजूने नाही, हे सुरुवातीलाच सांगितले. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्यांच्या प्रशिक्षणात दातेरी कॉलर वापरण्यास मनाई आहे, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये ती त्याआधीपासूनच आहे, आणि ऑस्ट्रेलियात अशी कॉलर आयात करण्यावर निर्बंध आहेत, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. अमेरिकेतील पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ च्या आपल्या निवेदनात केवळ बक्षिसावर आधारलेल्या प्रशिक्षणाचीच शिफारस केली आहे. आपण राहतो तिथला नियम काय आहे, हे पाहणे म्हणूनच पहिले काम आहे. ते मी पहिल्या आठवड्यात करायला हवे होते आणि केले तिसऱ्या महिन्यात.

तरीही डॉक्टरांनी मला परत पाठवले नाही. त्यांनी तपासण्यांची एक यादी लिहून दिली. मानेचे मणके आणि श्वासनलिका पाहण्यासाठी एक्स-रे, मानेच्या त्वचेची तपासणी आणि डोळ्यांतील दाब. डोळ्यांचा दाब कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी २००६ मधील एका अभ्यासाचा उल्लेख केला. कुत्रा गळ्यातील पट्ट्याविरुद्ध ओढतो तेव्हा डोळ्यांतील दाब वाढतो आणि छाती-खांद्यांवर बसणाऱ्या हार्नेसमध्ये तसे होत नाही, असे त्यात दिसून आले होते. काचबिंदू असलेला, डोळ्याचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ झालेला, श्वासनलिका दबलेली, मणक्याचा त्रास असलेला किंवा चपट्या नाकाचा कुत्रा असेल, तर कोणतीही आवळणारी कॉलर हा विषय तिथेच संपतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठीही तो उघडूच नये, असे त्या म्हणाल्या. एक्स-रे त्याच दिवशी झाला. डोळ्यांच्या तपासणीसाठी नऊ दिवस थांबावे लागले. १६ ऑक्टोबरला सगळे अहवाल हाती आले आणि ते निर्दोष होते. या तपासण्यांचा एकत्रित खर्च पुढे घेतलेल्या कॉलरच्या कितीतरी पट झाला, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना कॉलरच्या किमतीकडे पाहून फसू नये.

अहवाल पाहिल्यावरही डॉक्टरांनी अट घातली, की आधी सहा आठवडे छातीवर लीश अडकवण्याची सोय असलेला हार्नेस वापरायचा आणि रोजची नोंद लिहायची. किती वेळ चाललो, किती वेळा ओढले, कशामुळे ओढले. मला ते शाळेतल्या गृहपाठासारखे वाटले, पण पुढच्या सगळ्या प्रवासात ती वहीच सर्वांत जास्त कामाला आली. निर्मनुष्य रस्त्यावर ढग्या हार्नेसमध्ये बऱ्यापैकी चालू लागला. मांजर, स्कूटर किंवा दुसरा कुत्रा दिसला, की मात्र पुन्हा तेच. एकदा तो मागे सरकून हार्नेसमधून संपूर्ण बाहेर आला आणि मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून रस्त्यात बसले. तोंडाभोवती बसणारा हेड हॉल्टरही मी आणून पाहिला. तो चढवला की ढग्या पंजाने नाक ओरबाडायचा आणि जमिनीवर तोंड घासायचा. बारा दिवसांत मी तो बंद केला. आता मागे वळून पाहताना वाटते की हेड हॉल्टरची सवय लावायला बारा दिवस फारच कमी होते.

२ डिसेंबरला मी एका प्रशिक्षकांच्या केंद्रात अर्ज भरला. अर्ज चार पानी होता. कुत्रा कधी चावला आहे का, कोणावर गुरगुरतो, अनोळखी माणसाला पाहून शेपूट कुठे जाते, घरात लहान मुले आहेत का, आजवर कोणती साधने वापरली आणि किती दिवस. सोबत लसीकरणाची प्रत, तपासणीचे अहवाल आणि रोजच्या नोंदींची माझी वही. वही पाहूनच आपला अर्ज पुढे सरकला, असे मला नंतर सांगण्यात आले. भीतीपोटी आक्रमक होणाऱ्या कुत्र्यांना ते प्राँग कॉलर लावूच देत नाहीत, कारण समोर दिसणारी वस्तू आणि मानेवरचा दाब यांची कुत्र्याच्या मनात गाठ बसली, तर भीती वाढते. पहिल्या भेटीसाठी तीन आठवडे वाट पाहावी लागली.

२३ डिसेंबरला मी ढग्याला घेऊन पोहोचले, तर प्रशिक्षकांनी त्याला सावलीत बांधले, लीशचे एक टोक माझ्या हातात दिले आणि दुसरे स्वतःच्या हातात धरले. ‘‘ताई, कुत्र्याचं नंतर बघू. आधी तुमचा हात बघू,’’ असे म्हणून ते चालू लागले. पाऊण तास मी एका मोठ्या माणसाला फिरवत होते. लीश सैल असेल तेव्हा ती हाताखाली थोडी झोळ खाऊन लोंबली पाहिजे, आणि ताण आला तर हात पोटाशी स्थिर राहिला पाहिजे. झटका द्यायचा नाही, मागे खेचायचे नाही, फक्त थांबायचे. दर तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप मागे जात होता. दुसरा वर्गही असाच, कॉलरशिवाय गेला. त्याच्या शेवटी त्यांनी आपल्याकडची एक प्राँग कॉलर माझ्या मांडीभोवती बसवली आणि लीश हळूच ताणली, मग कॉलर दोन कड्यांनी सैल करून तेवढीच ताणली. घट्ट बसलेली असताना दाब सगळीकडून सावकाश आला. सैल असताना ती आधी घसरली आणि मग एका बाजूचे चार-पाच दाते एकदम आपटले. दुखले ते दुसऱ्या वेळी. सैल ठेवण्यात दया आहे अशी जी माझी समजूत होती ती तिथेच संपायला हवी होती. ती संपली नाही, याविषयी पुढे सांगते.

कॉलर निवडताना मी चूक केली. प्रशिक्षकांनी मापाविषयी सांगायच्या आतच मी एक स्वस्त, जाड, ४ मिलिमीटर तारेची कॉलर ऑनलाइन मागवून टाकली होती. ४ जानेवारीला ती आली. मोठ्या कुत्र्याला जाड तार, असा माझा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात जाड तारेच्या कड्या लांब असतात, म्हणून त्याच मानेवर दाते कमी बसतात आणि एक कडी काढली किंवा घातली, की माप एकदम मोठ्या फरकाने बदलते. बारीक तारेत दाते जास्त येतात, दाब अधिक ठिकाणी वाटला जातो आणि माप नेमके जुळवता येते. शिवाय त्या कॉलरच्या दात्यांची टोके नीट गोल केलेली नव्हती. प्रशिक्षकांनी एक जुना नायलॉनचा मोजा घेऊन तो प्रत्येक दात्यावरून फिरवला, आणि सात ठिकाणी धागा अडकला. हा प्रयोग कोणतीही कॉलर घरी आल्याबरोबर करावा. मुलाम्याचे पापुद्रे निघत आहेत का, तेही पाहावे, कारण काही कुत्र्यांच्या त्वचेला मुलाम्यातील किंवा त्याखालच्या धातूचा त्रास होतो.

परत पाठवण्याच्या अर्जात कारण म्हणून ‘माप चुकले’ असे लिहिले, तर पैसे कापले जाणार होते, आणि ‘सदोष वस्तू’ लिहिले, तर छायाचित्रे जोडणे आवश्यक होते. मी अडकलेल्या धाग्यांची सात छायाचित्रे जोडली. अकरा दिवसांनी पैसे परत आले. दुसरी कॉलर ३ मिलिमीटर तारेची, स्टेनलेस स्टीलची, मध्यभागी सपाट पट्टी असलेली घेतली आणि सुट्या जादा कड्या सोबतच मागवल्या. ही सपाट पट्टी बरोबर गळ्याच्या पुढे, श्वासनलिकेसमोर येते, म्हणजे तिथे दाते टेकत नाहीत. ती आल्याबरोबर मोज्याची परीक्षा मी स्वतः घेतली.

२१ जानेवारीला ती प्रथम बसवली आणि त्यातच सव्वा तास गेला. माप नेहमीच्या पट्ट्याच्या जागेवर घ्यायचे नसते. कानांच्या लगेच मागे, जबड्याच्या रेषेखाली, म्हणजे मान जिथे सर्वांत निमुळती असते तिथे, टेप केसांत थोडी दाबून माप घ्यावे लागते. ढग्याचे माप खाली ५६ सेंटिमीटर होते आणि वर ५०. कॉलर डोक्यावरून चढवायची नसते; जी डोक्यावरून जाते ती मानेवर सैलच असते. एका कडीचे दोन्ही दाते दोन बोटांत दाबून एकमेकांकडे आणायचे, ती शेजारच्या कडीतून सरकवून सोडवायची, कॉलर मानेभोवती आणायची आणि त्याच पद्धतीने पुन्हा अडकवायची. दाबण्याऐवजी कडी पिळून उघडण्याचा मोह होतो, कारण ते सोपे वाटते. तो टाळावा. मी टाळला नाही. पट्टी गळ्यासमोर आणि साखळी मानेच्या वर, कानांच्या मागे आली, की प्रत्येक दात्याखालचे केस बोटाने मोकळे करून घ्यायचे. बरोबर बसलेली कॉलर एका बोटाने ढकलली तर फिरत नाही आणि कुत्र्याने मान खाली घातली तरी घसरून खांद्याकडे येत नाही. दाते त्वचेला टेकलेले असतात, पण रुतलेले नसतात. आमच्या बाबतीत मूळ कॉलरला दोन कड्या जोडाव्या लागल्या.

सोबत दुसरा साधा पट्टा घालायचा आणि तो एका छोट्या कॅराबिनरने, म्हणजे दाबून उघडणाऱ्या धातूच्या हुकाने, प्राँग कॉलरच्या रिंगला जोडायचा, म्हणजे एखादी कडी सुटली तरी कुत्रा हातातून जात नाही. सुरुवातीचे काही आठवडे प्रशिक्षकांनी लीश साखळीच्या दोन्ही रिंगांत अडकवायला सांगितली. तशी अडकवली, की साखळी पूर्ण आवळत नाही आणि दाब सौम्य राहतो. लांब दोरी आणि आपोआप गुंडाळणारी लीश या कॉलरवर पूर्ण वर्ज्य, कारण कुत्रा वेग घेऊन टोकाला पोहोचतो आणि तो सगळा वेग मानेवर येतो.

पुढचे पाच दिवस आम्ही घराबाहेर पडलोच नाही. कॉलर चढवायची, खाऊ द्यायचा, दहा मिनिटांनी उतरवायची. २७ जानेवारीला पहिल्यांदा बाहेर, फक्त पंधरा मिनिटे, ओळखीच्या रिकाम्या रस्त्यावर. कोपऱ्यावर ढग्याने नेहमीप्रमाणे जोर लावला, दाब आला आणि तो थबकून मागे माझ्याकडे पाहू लागला. मी लगेच लीश सैल सोडली, शाबासकी दिली आणि पुढे निघाले. त्या दिवशी तो चार वेळा थबकला. घरी आल्यावर मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटत होती.

त्या लाजेपोटीच मी दुसऱ्या आठवड्यात, कोणालाही न विचारता, एक कडी वाढवून कॉलर सैल केली. मांडीवरचा अनुभव लक्षात असूनही केली. कॉलर हळूहळू मानेच्या मध्यावर उतरू लागली, ढग्याला तिची पर्वा वाटेना, तो सतत हलका ताण देत चालू लागला आणि मीही नकळत लीश ताणून धरू लागले. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी केस बाजूला केले, तेव्हा मानेच्या डाव्या बाजूला लालसर ठिपक्यांची ओळ दिसली. दात्यांच्या सततच्या घर्षणाने त्वचा सोलवटली होती. डॉक्टरांनी मलम दिले, दहा दिवस मानेत काहीही घालू नका असे सांगितले आणि वहीत स्वतःच्या हाताने ‘कडी वाढवली’ या माझ्या नोंदीखाली रेघ ओढली. त्या दहा दिवसांत पुन्हा हार्नेस. तेव्हापासून रोज उतरवल्यावर बोटांनी केस उलटे फिरवत संपूर्ण मानेचा वेढा तपासायचा, हा नियम झाला. दिवा लावून तपासावे. दाट केसांत नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.

कॉलर किती वेळ ठेवायची, याचे उत्तर सोपे आहे. फिरण्यापुरती, आणि तेही आपले लक्ष असताना. घरात, पिंजऱ्यात, बांधून ठेवताना, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळताना ती मानेत नसावी. खेळताना दुसऱ्याचा दात किंवा पंजा कडीत अडकू शकतो.

मार्चमध्ये दोन प्रसंग घडले. पहिल्यात वळणावर अचानक एक अनोळखी कुत्रा समोर आला, ढग्या झेपावला, दाब जोरात बसला आणि तो केकाटला. त्यानंतर आठवडाभर तो लांबच्या कुत्र्यांवरही भुंकू लागला, जे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. ज्या धोक्याची सूचना अर्जाच्या वेळीच मिळाली होती, तोच हा. प्रशिक्षकांनी कुत्रे दिसण्याची शक्यता असलेल्या वाटांवर प्राँग कॉलर पूर्ण बंद केली. तिथे हार्नेस, पुरेसे अंतर आणि कुत्रा दिसताच खाऊ, एवढेच. भुंकणे उतरायला पाच आठवडे लागले. एका क्षणाने केलेले नुकसान भरून काढायला इतका काळ गेला, आणि तेवढ्यावरूनच सांगते, की पुन्हा आरंभ करायचा झाला तर मी हेड हॉल्टरला सहा आठवडे देईन आणि हार्नेसवर असतानाच प्रशिक्षकांकडे जाईन.

दुसरा प्रसंग १४ मार्चचा. भर रस्त्यात ‘टक्’ असा आवाज आला आणि कॉलर उघडून माझ्या पायांशी लोंबू लागली. जोडलेल्या साध्या पट्ट्याने ढग्याला धरून ठेवले. घरी येऊन पाहिले, तर मी दोन महिने जी कडी पिळून उघडत होते तिचाच एक दाता बाहेर वाकला होता. वाकलेली कडी पकडीने सरळ करून पुन्हा वापरू नये. सुटी नवी कडी घालावी. त्यानंतर दर रविवारी प्रत्येक कडी हाताने ओढून पाहायची, पुसायची आणि पावसात भिजली असेल तर पूर्ण वाळवून ठेवायची, असा क्रम लावला. मार्चअखेरीस ढग्याची दाट लव गळाली आणि कॉलर पुन्हा बोटाने फिरू लागली, म्हणून एक कडी काढली. ऋतू बदलला, की माप बदलते, हे कोणत्याही सूचनापत्रकात मला आढळले नव्हते.

एप्रिलपासून उतरवण्याचे काम सुरू झाले आणि ते चढवण्यापेक्षा अधिक सावकाश चालले. आधी प्राँग कॉलर मानेत, पण लीश साध्या पट्ट्याला. मग एक दिवसाआड तिच्याशिवाय. वहीत ‘किती वेळा ओढले’ या रकान्यात सलग दहा दिवस एक किंवा शून्य आले, की पुढचा टप्पा, असे ठरले होते. दोनदा मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, एकदा मांजरामुळे आणि एकदा मला ताप असताना शेजारच्या मुलाने त्याला फिरवल्यामुळे. ११ मे २०२५ रोजी ढग्या पहिल्यांदा पूर्ण फेरी केवळ रुंद पट्ट्यावर चालला. मांजर त्या दिवशीही होते. तो थांबला, थरथरला आणि माझ्याकडे पाहून खाऊ मागू लागला.

जूनमध्ये ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या दहा महिन्यांच्या लॅब्राडॉरसाठी ती कॉलर काही दिवस उसनी मागितली. ती ढग्याच्या ५० सेंटिमीटरच्या मानेसाठी जुळवलेली होती आणि त्या लॅब्राडॉरच्या मानेचा एक्स-रे झालेला नव्हता. मी त्यांना हार्नेस, मापाची टेप आणि रकाने आखलेली एक कोरी वही दिली.